चालकाशी बोलू नये

एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधलेल्या तेत्सुओ उरानोंना किकुएबाईंनी हात धरून गाडीत बसवलं, त्यांचा पट्टा लावला, मांडीवर चहाचा थर्मास दिला आणि समोरच्या पाटीवरची धूळ रुमालाने पुसली. पाटी निळ्या पत्र्याची होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.’

ही पाटी मूळची बसमधली. तेत्सुओंनी एकतीस वर्षं उमागाएशी खिंडीवरून बस चालवली आणि ते निवृत्त झाले तेव्हा डेपोने ती आठवण म्हणून त्यांना दिली. घरात ती आईवडिलांच्या फोटोशेजारी मानाने टांगलेली होती. मग तीन वर्षांपूर्वी ती बसच बंद झाली. वर्ष सरायच्या आत तेत्सुओंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्यांनी आपण होऊन लायसन परत केलं, आणि खोऱ्यातून बाहेर पडायचं तर आता कुणीतरी गाडी शिकायलाच हवी, म्हणून चौसष्टाव्या वर्षी किकुएबाई अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. लायसन मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात नवरा बाजूच्या सीटवरून "आता... अगं आता... आता नको" असं करायला लागला. त्यांनी घरी जाऊन भिंतीवरची पाटी काढली आणि गाडीत लावली.

"तुमचीच आहे ना? मग पाळा," त्या म्हणाल्या.

तेत्सुओ नियमाचा माणूस. ते पाटी अक्षरशः पाळत. गाडी चालू असताना ओठ मिटलेले, आणि लाल दिवा लागून गाडी थांबली की साठवलेलं सगळं एका दमात बोलून घेत. दिवा हिरवा झाला की वाक्य अर्धं राहिलं तरी गप्प. ते अर्धं वाक्य पुढच्या दिव्याला पूर्ण होई.

किकुएबाई नियमात त्यांच्याही वरचढ होत्या. गावच्या शेतकी संघाच्या खिडकीवर त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि सहीच्या जागी मारायचा शिक्का केसभर तिरका पडलेला एकही अर्ज कधी आत घेतला नव्हता. आमच्या खोऱ्यात अजूनही लोक शिक्का मारताना श्वास रोखतात, तो ह्या बाईंमुळे. त्यांच्या लायसनवर अट छापलेली होती, ‘फक्त ऑटोमॅटिक गाड्यांसाठी.’ ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले होते, "मॅन्युअल गाडी चालवलीत तर अटीचा भंग. लायसन गेलं समजा." किकुएबाईंनी ते वहीत उतरवून खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडे बसमधून उतरताना प्रत्येक जण चालकाला ‘आभारी आहे’ म्हणून उतरतो. म्हातारे, बायका, दप्तरवाली पोरं, सगळे. एकतीस वर्षांत तेत्सुओंनी हे किती हजार वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. ऐकायची इतकी सवय झाली की म्हणायची राहूनच गेली. दोन वर्षं किकुएबाई त्यांना दवाखान्यात, केस कापायला, वारलेल्या मित्राच्या तेराव्या वर्षश्राद्धाला नेत होत्या, आणि ते दर वेळी गाडीतून उतरताना फक्त "हं" म्हणत.

तर त्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन उरकून दोघं घरी निघाले होते. दुसरा डोळा पुढच्या मंगळवारी करायचा होता. मागच्या सीटवर सफरचंदांची पेटी होती. ती किकुएबाईंनी नर्सबाईंसाठी नेली होती, पण इस्पितळात भेटवस्तू घेत नाहीत म्हणून नर्सबाईंनी चार वेळा वाकून ती परत केली होती. किकुएबाईंना ते लागलं होतं. उपकाराचं ओझं आणि पेटीचं ओझं, दोन्ही घेऊन त्या खिंड चढल्या.

खिंड ओलांडली की आमच्या बाजूचा उतार लागतो. चौदा वळणं आहेत, आणि प्रत्येक वळणाखाली पाहू नये अशी दरी आहे. किकुएबाईंचा पाय ब्रेकवर गेला तो उठेचना. तेत्सुओ तोंडातल्या तोंडात जुने थांबे पुकारत होते. "पुढचा थांबा, देवळामागे... पुढचा थांबा, तुटका पूल..." हे चालकाशी बोलणं नव्हे, प्रवाशांशी आहे, असा त्यांचा दावा होता, आणि किकुएबाईंनी तो मान्य केला होता.

तिसऱ्या वळणाला पुकारा मध्येच थांबला. तेत्सुओंनी नाक वर करून दोनदा हुंगलं. पाटीच्या दिशेला तोंड केलं. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांचा हात दोन सीटांच्या मधल्या जागेत चाचपडायला लागला. तिथे गिअरचा दांडा होता आणि दांड्याला टेकून किकुएबाईंची पर्स होती.

"काय हवंय?" रस्त्यावरची नजर न काढता किकुएबाईंनी विचारलं.

तेत्सुओंनी डोळ्याकडे बोट दाखवून टिश्यू हवा असल्याची खूण केली. काहीतरी खट्कन वाजलं. टिश्यू काही सापडला नाही, पण हात परत गेला. गाडीने जरा घोगरा आवाज काढला आणि कुणी मागून पदर धरावा तशी ती आपोआप आवरली. किकुएबाईंना वाटलं, वाराच तसा आहे. पाय ब्रेकवरून उचलला तरी गाडी धावत सुटत नव्हती. उरलेली अकरा वळणं त्यांनी अशी घेतली की त्यांचा त्यांनाच हेवा वाटला.

उतार संपला तिथे ओढ्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं. हेल्मेटवाल्याने लाल झेंडा आडवा धरला आणि तसदीबद्दल वाकून माफी मागितली. गाडी थांबली. तेत्सुओ लगेच बोलले.

"अगं, एक सांगू?"

"सांगा. झेंडा वर जाईपर्यंत."

"आज घाट बरा उतरवलास."

किकुएबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"एकदा म्हणालो."

दोन वर्षांत पहिल्यांदा. किकुएबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हसू लपवायला म्हणून त्यांनी खाली पाहिलं, आणि त्यांची नजर समोरच्या काट्यांवर गेली. तिथे रोज ऑटोमॅटिकचं ‘डी’ हे अक्षर दिसायचं. आज तिथे ‘एम’ होतं. शेजारी ‘१’.

ही गाडी भाच्याने वापरलेली. त्याला हौस होती, म्हणून त्याने हाताने गिअर बदलायची सोय असलेली गाडी घेतली होती. दांडा ‘डी’वरून डावीकडे ओढला की ‘एम’. ती देताना तो म्हणाला होता, "मामी, एम म्हणजे मॅन्युअल. तुम्हाला ते लागायचं नाही." किकुएबाई दोन वर्षांत त्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. पर्सचा बंद दांड्यात अडकलेला दिसत होता. पर्सने गुन्हा केला होता आणि अकरा वळणं त्या मॅन्युअल गाडी चालवत होत्या, फक्त ऑटोमॅटिकच्या लायसनवर.

दांडा परत ‘डी’ला ढकलला की झालं, असं तुम्हाला-मला वाटेल. किकुएबाईंनी तोही विचार केला, आणि खिडकीवरच्या तीस वर्षांनी त्यांना अडवलं. आतापर्यंत झालं ते चुकून झालं. पण आता आपल्या हाताने दांडा हलवला म्हणजे आपण जाणूनबुजून हाताने गिअर बदलला. चुकीला माफी असते, जाणूनबुजून केलेल्याला नसते. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. झेंडा वर गेला.

थांबल्यावर गिअर आपोआप पहिल्यावर आला होता; गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली आणि पहिल्याच गिअरमध्ये राहिली. इंजिन तारस्वरात रडत होतं, आणि वेग सायकलवरच्या पोस्टमनचा. आरशात एक छोटा ट्रक दिसू लागला, मग त्यामागे एक गाडी, मग एक मोठी, मग एक आणखी. आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे परक्याच्या अंगणात शिरून ओरडण्यासारखं, त्यामुळे कुणी वाजवला नाही. नऊ गाड्यांची रांग समान अंतर राखून निमूट चालली होती. मुळ्याच्या शेतातल्या एका आजीबाईंनी ती पाहिली, डोक्याचा रुमाल काढला आणि हात जोडले. कुणाची तरी शेवटची यात्रा चाललीय असं त्यांना वाटलं. किकुएबाईंनाही तसंच वाटत होतं, पण स्वतःच्या लायसनची.

तेत्सुओ एकदा खोकले. मग दोनदा खोकले. इंजिन काय म्हणतंय हे त्यांना पट्टीआडूनही कळत होतं, पण गाडी चालू होती.

वाट द्यावी म्हणून किकुएबाईंनी एका रुंद जागी गाडी डावीकडे घेतली. मागचा ट्रकवाला सफरचंदाच्या बागेचा ओगिसो होता. बाई संकटात आहेत, त्यांना सोडून कसं जायचं, म्हणून त्यानेही गाडी डावीकडे घेतली. त्याच्या मागच्याला वाटलं पुढे काही आहे, त्यानेही घेतली. नऊच्या नऊ गाड्या कडेला येऊन नम्रपणे उभ्या राहिल्या. किकुएबाई पुन्हा निघाल्या. रांगही निघाली.

त्यांचं ठरलं होतं. घराच्या फाट्यावर त्या वळल्या नाहीत. तेत्सुओंना रस्त्याचा कणन्‌कण पाठ, त्यांनी तीनदा खोकून आपली हरकत नोंदवली. किकुएबाईंनी गाडी सरळ पोलीस चौकीसमोर नेली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दांडा पार्किंगला नेल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि दांड्याला तर हात लावायचा नाही. दांड्याला धक्का न लावता त्यांनी पर्सचा बंद सोडवला; पुरावा म्हणून किल्लीही गाडीतच राहिली.

"हलू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी जरा आत जाऊन येते." आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत दार लावून घेतलं.

चौकीत मियाशिता हवालदार एकटेच नूडल्सच्या वाडग्यावर वाकले होते. किकुएबाईंनी पर्समधून लायसन काढलं, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि कमरेतून वाकल्या.

"हवालदारसाहेब, माझ्याकडून गुन्हा झालाय."

मियाशितांनी नूडल्स अर्ध्या तोंडात असतानाच वाडगा खाली ठेवला. "काकू, कुणाला लागलं का?"

"नाही."

"काही धडकलं?"

"नाही."

"मग आधी बसा."

किकुएबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी ‘एम’ची सगळी हकिगत सांगितली, वेळ आणि वळणांच्या क्रमांकासह. मियाशिता ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा ओढला गेला. त्यांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, पुढून चाळलं, मागून चाळलं.

"खरं सांगू काकू? माझ्या गाडीतही तो एम आहे. माझंही लायसन तुमच्यासारखंच. मी कधी हात लावला नाही. भीती वाटते."

"म्हणजे गुन्हाच आहे."

"म्हणजे मला माहीत नाही." त्यांनी मोठ्या ठाण्याला फोन लावला. तिकडून थांबा म्हणाले आणि फोनमधून गाणं वाजायला लागलं.

गाणं वाजत असताना किकुएबाईंचा धीर सुटला. "साहेब, एक विनंती आहे. मंगळवारी ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. खिंडीवरून बस नाही. आमच्या आळीत गाडी चालवणारं म्हणाल तर सगळे ह्यांच्याहून म्हातारे. लायसन घ्यायचं तर घ्या, पण मंगळवारपर्यंत राहू द्या. बुधवारी मी स्वतः आणून देते."

"बुधवारी," असं म्हणत मियाशिता फोन कानाला धरून खिडकीबाहेर पाहायला लागले. त्यांना काहीतरी डोळ्यात गेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात दार सरकलं. ओगिसोचा खांदा धरून तेत्सुओ उंबऱ्यात उभे होते. ओगिसो म्हणाला, "काका गाडीत ओरडत होते, म्हणून आणलं."

"गाडी थांबलीय, म्हणून बोलतो," तेत्सुओ म्हणाले. "दाराबाहेरून दाराबाहेरून सगळं ऐकलं. दांडा पर्सने नाही ओढला. मी ओढला."



"तुम्ही?" किकुएबाई म्हणाल्या.

"ब्रेकचा वास येत होता. आणखी चार वळणं तशीच घेतली असतीस तर ब्रेक तापून निकामी झाला असता. गिअर खाली घ्यायला हवा होता."

"मग तोंडाने सांगायचं ना."

"पाटी होती ना समोर."

मियाशितांनी हळूच विचारलं, "काका, पण तुमचं लायसन...?"

"परत केलं. दोन वर्षं झाली."

"म्हणजे," मियाशिता कपाळ पुसत म्हणाले, "काकूंचं लायसन अटीचं, आणि गिअर टाकला तो लायसन नसलेल्या माणसाने. एका डोळ्याने." इतक्यात गाणं थांबलं आणि फोनवर कुणीतरी आलं. मियाशिता ताठ उभे राहिले. तिकडच्या आवाजाने एकच प्रश्न विचारला. मियाशितांनी फोनवर हात ठेवून तोच प्रश्न पुढे सरकवला.

"काकू, गाडीत खाली पायाशी पेडल किती?"

"दोन."

"क्लच नाही?"

"क्लच असता तर मी बसलेच नसते."

मियाशितांनी फोनवर सांगितलं, ऐकलं, चार वेळा मान डोलावली आणि फोन ठेवला. "क्लच नाही म्हणजे गाडी ऑटोमॅटिकच. एम असो नाहीतर आणखी काही, तुमच्या लायसनमध्ये बसतं. उताराला तर वापरावंच म्हणाले."

"आणि ह्यांचं काय?"

"ते मी विचारलंच नाही," मियाशिता म्हणाले. "काका, पुन्हा दांड्याला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं."

किकुएबाई आता कुठे बसल्या. बसल्यावर त्यांना राग आठवला. "म्हणजे ‘घाट बरा उतरवलास’ म्हणालात, ते स्वतःच्याच हाताचं कौतुक होतं तर."

"गिअर माझा होता," तेत्सुओ म्हणाले. "वळणं तुझी होती. मांडीवर थर्मासचं झाकण उघडं होतं, अकरा वळणांत थेंब सांडला नाही. सातव्या वळणाला मी एकतीस वर्षं घाबरत आलो. आज नाही घाबरलो."

ओगिसो उगाच छताकडे पाहत होता.

पण तीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. तोंडी निकालावर त्यांचा विश्वास नव्हता. मियाशितांनी बिचाऱ्यांनी एका कागदावर ‘गुन्हा झालेला नाही’ असं लिहून दिलं आणि खाली शिक्का मारला. घाईत तो चांगलाच तिरका पडला. किकुएबाईंनी शिक्क्याकडे पाहिलं. मियाशितांनी श्वास रोखला. मग बाईंनी कागदाची घडी घातली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि पर्समध्ये ठेवली.

आभाराची सफरचंदं त्यांनी चौकीला देऊ केली. पोलिसांना घेता येत नाहीत. मग त्यांनी ती ओगिसोपुढे केली. तो म्हणाला, "काकू, माझ्या ट्रकात सहाशे आहेत." आणि एवढ्या पापभीरू बाईंच्या मागे चालायला मिळालं म्हणून त्यानेच एक पेटी त्यांच्या गाडीत चढवली. दोन पेट्या घेऊन किकुएबाई निघाल्या. रांगेतल्या बाकीच्या गाड्या चौकीबाहेर थांबल्याच होत्या. सगळं ठीक आहे म्हटल्यावर त्या एकेक करून, वाकून, आपापल्या वाटेला लागल्या.

घराच्या आधी एक छोटा उतार आहे. तिथे किकुएबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, डावा हात दांड्यावर ठेवला आणि तो ‘एम’ला ओढला. मग एकदा खाली. खट्. इंजिन घोगरं झालं आणि गाडी आवरली. तेत्सुओंनी ऐकलं. गाडी चालू होती, त्यामुळे ते चालकाशी काही बोलले नाहीत. प्रवाशांना मात्र त्यांनी सांगितलं, "पुढचा थांबा, उरानोंचं घर." असा थांबा त्या मार्गावर एकतीस वर्षांत कधी नव्हता.

दारात गाडी थांबली. तेत्सुओ सावकाश उतरले, हाताने बॉनेट चाचपत पुढून फेरा घालून चालकाच्या खिडकीपाशी आले, टोपी काढली आणि खाली वाकले.

"आभारी आहे," ते म्हणाले.

किकुएबाईंना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण काहीतरी टोमणा मारू. दोन वर्षांचे साठवलेही होते. पण त्यांनी नुसती दोन बोटं कपाळाला लावली, नवरा एकतीस वर्षं प्रवाशांना सलाम करताना लावायचा तशी.

मंगळवारी दवाखान्याला निघताना तेत्सुओंनी सवयीने पाटीवर हात फिरवला. खाली एक कागद नवा चिकटवलेला लागला. पट्टी सुटलेला, ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी त्याच्याजवळ नेला. किकुएबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मात्र उतारावर, आणि गाडीतून उतरताना, बोलण्यास हरकत नाही.’ खाली त्यांचा शिक्का होता. तो केसभरही तिरका नव्हता.